३९ अंकी मूळ संख्या कागद-पेन्सिलीनं सिद्ध कशी झाली?

किल्ल्याखालची

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. गेल्या रविवारी भाचीला घेऊन किल्ल्यावर गेले होते. ती नववीत आहे. ग्वाल्हेर दरवाज्यानं चढायला लागलं की वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एकाच खडकात कोरलेलं, एवढंसं. इथल्या लोकांना ठाऊक आहेच, बाहेरच्यांसाठी सांगते. आतल्या भिंतीवरच्या शिलालेखात देवाच्या फुलबागेचं माप दिलंय, १८७ हात बाय २७० हात, आणि रोजच्या ५० माळा. या २७० आणि ५० मध्ये शून्य कोरलेलं आहे, बारीक गोल. साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. भारतात कोरलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी ही एक.

मी तिला शून्य दाखवत होते आणि ती १८७ पाशीच अडकली. "मावशी, ही मूळ संख्या आहे का गं?" मला तरी तशीच वाटली. पायऱ्या उतरेपर्यंत तिनं तोंडी करून टाकलं, अकरा सतरे एकशे सत्त्याऐंशी. मग खाली येऊन विचारते, "पण संख्या मोठी असली तर कुठवर भागत बसायचं?"

घरी आल्यावर मला कॉलेजात ऐकलेली एक संख्या आठवली. ती ही:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

वाचायला सोपं जावं म्हणून मोकळी जागा सोडली आहे, आहे एकच संख्या, ३९ अंकी. २ चा १२७वा घात वजा १. (इथे मी २^१२७ − १ असं लिहीन.) ही मूळ आहे हे एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ साली दाखवलं. तेव्हा संगणक नव्हताच, हातानंच केलं. ते कसं केलं असेल, हे नववीतल्या मुलीला कळेल असं कुणी सांगाल का? पोरीनं मनापासून विचारलंय, "असतं तसं" म्हणून वाटेला लावायचं नाहीये.

मुरारवाला

छान धागा. माझ्या आठवणीप्रमाणे घातांक मूळ असला की २ चा तो घात वजा १ ही संख्याही मूळच येते. २ ला ३, ३ ला ७, ५ ला ३१, ७ ला १२७. मग १२७ मूळ म्हणून २^१२७ − १ मूळ. इतकं सोपं असेल ना?

जनकगंजकर

नाही हो. चार उदाहरणं जुळली म्हणून नियम होत नाही, आणि इथे तर पाचवंच घात करतं. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. उलट बाजू मात्र खरी आहे: घातांक संयुक्त असेल तर संख्या हमखास संयुक्त. म्हणजे घातांक मूळ असणं गरजेचं, पण पुरेसं नाही. अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन हे फ्रेंच पाद्री. १६४४ साली त्यांनी २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी छापली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले. ६१, ८९, १०७ राहूनच गेले होते. १२७ बरोबर निघाला.

ताई, तुमच्या भाचीचा प्रश्न मला फार आवडला. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, "कुठवर भागायचं" हे विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. उत्तर असं, की वर्गमूळापर्यंत. १८७ ला १३ पर्यंतच. पण या ३९ अंकी संख्येचं वर्गमूळ आहे सुमारे १३ वर १८ शून्यं. सेकंदाला एक भागाकार केला तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या तीसेक पट वेळ लागेल.

आता यातले बहुतेक भागाकार करायचेच नसतात, हे तिला जरूर दाखवा. समजा 'क' हा २^१२७ − १ चा मूळ विभाजक आहे. म्हणजे २^१२७ ला क नं भागल्यावर बाकी १. अशी बाकी १ आणणारा सगळ्यात लहान घातांक १२७ ला पूर्ण भागणारा हवा, आणि १२७ मूळ, म्हणजे तो स्वतः १२७च. पण फर्माच्या नियमानं २^(क−१) ची बाकीही १ येते. म्हणून क−१ ला १२७ नं भाग जायलाच हवा. क−१ सम, म्हणून २५४ नं. दुसरी एक अट अशी की क ला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७च यायला हवी.

वरच्या २०४७ वर पाहा: २३ = २२ + १, ८९ = ४ × २२ + १. आणि ८ नं भागून बाकी ७ आणि १. दोन्ही अटी पाळल्या गेल्यात.

आता १२७ साठी लावा. २५४ च्या पटीत एक मिळवून: २५५, ५०९, ७६३, १०१७, १२७१, १५२५, १७७९, २०३३, २२८७. आठची अट लावली की उरतात २५५, १०१७, १२७१, २०३३, २२८७. त्यातला २५५ पाचनं जातो, १०१७ नवानं, १२७१ = ३१ × ४१, २०३३ = १९ × १०७. म्हणजे ज्यानं भागून पाहण्यात अर्थ आहे असा पहिला विभाजक २२८७! त्याखालच्या एकाही संख्येला हात लावायची गरज नाही.

तरीही पुरत नाही. ही चाळणी लावून सेकंदाला एक भागाकार धरला, तर ८० कोटी वर्षांहून जास्त. त्यामुळे ल्यूकांनी भागाकाराचा रस्ता सोडूनच दिला.

पावकी

वाचते आहे. आधी संख्या नीट उतरवली आहे का ते पाहिलं, कारण ३९ अंकांत एक जरी हुकला तर पुढचं सगळं वाया. आमच्या वडिलांनी पावकी-दिडकीबरोबर नवाचा ताळा शिकवला होता, तो लावला. सगळ्या अंकांची बेरीज १५४, त्याची १०, त्याची १. संख्येला नवानं भागलं तर बाकी हीच. आता २ चे घात नवानं भागले की बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहा-सहाच्या फेऱ्यात येतात. १२७ म्हणजे एकवीस फेऱ्या आणि वर एक, म्हणून बाकी २. त्यातून १ वजा, राहिला १. ताळा जमला. मुलीला सांगा, हे आधी करायचं असतं.

किल्ल्याखालची

आजी, ती बसून तुमचा ताळा करून पाहतेय. काका, २२८७ पाशी आम्ही दोघी थांबलो. आठ-नऊ मिनिटं ती त्याला भागत होती, तो स्वतः मूळ आहे का पाहायला. आहे!

मग रस्ता कोणता?

सुरसागर

मी बडोद्याहून. संगणकाचं काम करते, त्यामुळे ही रीत रोजच्या ओळखीची आहे. ल्यूकांची मूळ रीत थोडी वेगळी होती, १९३० साली लेमर यांनी ती सुटसुटीत केली. करायचं इतकंच:

४ पासून सुरुवात. प्रत्येक पायरीला वर्ग करा, २ वजा करा, आपल्या मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या. शेवटी शून्य आलं तर मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त. हो-नाही दोन्ही बाजूंनी पक्कं, मध्ये "बहुधा" नाही.

३१ साठी (घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या): ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६४ − २ = ६२, म्हणजे बाकी ०. झालं, ३१ मूळ. एकदाही विभाजक शोधला नाही.

२०४७ साठी नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त.

भाचीला १२७ करायला द्या. घातांक ७, पाच पायऱ्या, पानभर काम.

किल्ल्याखालची

दिलं. आणि आता ती रडकुंडीला आलीय. तिच्या वहीतून जसंच्या तसं:

४
१४
१९४ → ६७
६७ × ६७ − २ = ४४८७ → ४२
४२ × ४२ = १७६४ → ११३
११३ × ११३ − २ = १२७६७ → ६७

शून्य आलं नाही. म्हणजे १२७ मूळ नाही? पाढ्यांतून तर ती मूळच आहे, ११ पर्यंत सगळ्यांनी भागून झालं. तिचं म्हणणं, रीतच चुकीची आहे.

पावकी

रीत चुकीची नाही बाळ. बेचाळीसच्या ओळीत वजा दोन राहिलं.

किल्ल्याखालची

अय्या, खरंच! १७६२ → १११. मग १११ × १११ − २ = १२३१९, आणि १२७ × ९७ = १२३१९. शून्य!! तिनं ओरडून आईला बोलावलं.

पण यावरून मला भीती वाटली. एक वजा दोन राहिलं तर पाच पायऱ्यांत उत्तर उलटं झालं. ल्यूकांच्या १२५ पायऱ्या, आणि दर पायरीला ३९ अंकी संख्येचा वर्ग आणि ३९ अंकीनं भागाकार. हे माणसाच्यानं होतं?

सुरसागर

भागाकार करावाच लागत नाही, तीच तर मर्सेन संख्येची सोय आहे. पावकी आजींचा नवाचा ताळा का चालतो? १० ला ९ नं भागलं की बाकी १, म्हणून दशकातला अंक एककात मिळवला तरी बाकी बदलत नाही. तसंच १२८ ला १२७ नं भागलं की बाकी १. म्हणून १२८ च्या जितक्या पटी असतील तितके उरलेल्यात मिळवायचे.

४४८७ घ्या. १२८ × ३५ = ४४८०, उरले ७. ३५ + ७ = ४२. हीच बाकी!
१७६२: १२८ × १३ = १६६४, उरले ९८. १३ + ९८ = १११.
१२३१९: १२८ × ९६ = १२२८८, उरले ३१. ९६ + ३१ = १२७, म्हणजे शून्य.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं, तर एवढंही करायला नको. डावीकडे बाहेर गेलेला भाग कापून उजवीकडे आणून मिळवायचा. दुप्पट करणं म्हणजे सगळे अंक एक घर डावीकडे सरकवून बाहेर पडलेला अंक उजव्या टोकाला आणून लावणं. चक्राकार फिरवणं.

ल्यूकांनी यासाठी १२७ × १२७ घरांचा पट सांगितला होता, बुद्धिबळासारखा. सोंगटी म्हणजे १, रिकामं घर म्हणजे ०. वर्ग करायचा तर संख्येतल्या प्रत्येक १ साठी तीच संख्या एक-एक घर फिरवून त्या-त्या ओळीत मांडायची. मग उभ्या रांगांची बेरीज: एका रांगेत दोन सोंगट्या असल्या तर त्या उचलायच्या आणि शेजारच्या डाव्या रांगेत एक ठेवायची. डाव्या टोकाच्या पुढे उजवं टोक. असं करत शेवटी एकच ओळ उरेपर्यंत. १६१२९ घरं आहेत, वेळ लागेल, पण दर खेळी पहिलीतल्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे.

जनकगंजकर

वा! हे मला इतक्या सोप्या शब्दांत सुचलं नसतं.

एक भर घालतो. ल्यूकांची सुरुवात ४ पासून नव्हती, ३ पासून होती. ती सुरुवात घातांकाला ४ नं भागून बाकी ३ उरते तेव्हाच चालते. १२७ ला उरते, ७ लाही उरते. मुलीला हेही करू द्या: ३, ७, ४७, मग २२०७ म्हणजे बाकी ४८, मग २३०२ म्हणजे बाकी १६, मग २५६ − २ = २५४, म्हणजे १२७ ची दुप्पट. शून्य.

हे का चालतं, याचं बीज तिला अकरावीत कळेल, पण कानावर असू द्या. (२ + √३) आणि (२ − √३) यांचा गुणाकार १. बेरीज ४. दोघांचे वर्ग करून बेरीज केली की १४. पुन्हा वर्ग, १९४. "वर्ग वजा दोन" मधले ते दोन या गुणाकारातून येतात. म्हणजे आपण दर पायरीला या जोडीचा घात दुप्पट करतो आहोत. मूळ संख्येच्या बाक्यांच्या जगात ही जोडी नेमक्या ठरलेल्या फेऱ्यात फिरते, संयुक्त संख्येत तो फेरा तसा जमूच शकत नाही.

मुरारवाला

माझी समजूत चुकीची होती, मान्य. पण आता मला वेगळीच गोष्ट भिडते आहे. २०४७ ला १७३६ आलं, म्हणून ती संयुक्त. पण २३ आणि ८९ यांचा त्यात मागमूसही नाही! म्हणजे संख्या फुटते हे पक्कं कळतं आणि कुठे फुटते ते अजिबात कळत नाही.

जनकगंजकर

बरोबर पकडलंत. आणि हे प्रत्यक्ष घडलंय. त्याच १८७६ साली ल्यूकांनी २^६७ − १ संयुक्त आहे हेही दाखवलं, पण अवयव हाती नव्हते. ते सापडायला १९०३ उजाडलं. अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल यांनी गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर एका बाजूला १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ काढून दाखवले, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं सारखी. एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला असं विचारल्यावर त्यांनी तीन वर्षांचे रविवार सांगितले होते.

तुम्ही पडताळा घ्या: १९३७०७७२० ला १३४ नं भाग जातो, १४४५५८० येतात. वर सांगितलेली अट तंतोतंत.

सुरसागर

आमच्या धंद्यात मर्सेन संख्या पावलोपावली भेटतात. २^३१ − १ = २१४७४८३६४७ ही ऑयलरनं १७७२ साली मूळ ठरवली. ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा चिन्हांकित पूर्णांक तोच, आणि १२८ बिटांत मावणारा म्हणजे ताईंची ही ३९ अंकी संख्या.

१९५१ पर्यंत ल्यूकांची ही संख्याच सर्वांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या होती. ७५ वर्षं. त्या वर्षी फेरिए यांनी हातानं चालवायच्या गणनयंत्रावर (२^१४८ + १) ÷ १७ ही ४४ अंकी मूळ संख्या काढली, आणि केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ अंकी: १८० × (२^१२७ − १)² + १. पाहा, तिच्या पोटातही हीच बसलेली. आजचा मान २^१३६२७९८४१ − १ कडे आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात सापडली, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी. पक्की करायला रीत तीच, वर्ग वजा दोन.

पावकी

किल्ल्यावरचा लेख ८७६ चा आणि ल्यूकांचं काम १८७६ चं. बरोबर एक हजार वर्षं.

किल्ल्याखालची

आजी, अंगावर काटा आला.

दोन दिवस मी इथे आले नाही कारण घरी फक्त हेच चालू आहे. भाचीनं घातांक १३ हातानं केला, संख्या ८१९१, अकरा पायऱ्या. तिची वही:

१४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०.

मग १७ साठी कॅलक्युलेटर घेतला (१३१०७१), शेवटचे आकडे ७८२२१, १३०५५९, ०.

आणि आता तिचा प्रश्न आहे, जो मला अजिबात सुचला नसता. ती शून्याच्या आधीच्या आकड्याकडे बघतेय. ३१ ला शून्याआधी ८. १२७ ला १११. ८१९१ ला १२८. म्हणते, ८ आणि १२८ तर दोनचे घात आहेत, मग १११ ला काय झालं? थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, १११ म्हणजे १२७ ला १६ कमी. आणि १३०५५९ म्हणजे १३१०७१ ला ५१२ कमी. सगळीकडे दोनचे घातच आहेत, कुठे अधिक, कुठे उणे. हे नेहमीच असं होतं का?

सुरसागर

होतं! आणि तिनं हे स्वतः पाहिलं याचा मला फार आनंद झालाय. शेवटच्या पायरीला वर्ग वजा २ बरोबर शून्य, म्हणजे शून्याआधीच्या आकड्याचा वर्ग बाकीच्या हिशेबात २. पण तिथे २ आणि २^१४ (घातांक १३ असताना) एकच, कारण २^१३ ची बाकी १. २^१४ चं वर्गमूळ २^७ = १२८, किंवा उणे १२८. संख्या मूळ असली की वर्गमुळं दोनच असतात, तिसरं नाही. म्हणून घातांकात एक मिळवायचा, निम्मं करायचं, दोनचा तेवढा घात. ५ ला २^३, ७ ला २^४, १३ ला २^७, १७ ला २^९.

आणि १२७ ला २^६४. म्हणजे ल्यूकांच्या पटावर शून्याच्या आधीच्या खेळीला एकतर १८४४६७४४०७३७०९५५१६१६ होते, नाहीतर मूळ संख्येतून तेवढे वजा. पहिली शक्यता असेल तर त्या एवढ्या ओळीत एकच सोंगटी!

पावकी

हा आकडा मला पाठ आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौसष्ट घरांचे सगळे दाणे मिळून याला एक कमी.

जनकगंजकर

आजी, आता माझ्या अंगावर काटा आला. हनोईच्या मनोऱ्याचं कोडं माहीत आहे ना, तीन खुंट्या आणि चकत्या? ते ल्यूकांनीच १८८३ साली बाजारात आणलं. त्याच्याबरोबरच्या कथेत काशीच्या देवळात ६४ सोन्याच्या चकत्या आहेत, आणि त्या हलवायला लागणाऱ्या खेळ्या २^६४ − १. इतकी वर्षं मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वर्गांत शिकवल्या, त्या माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नाहीत.

ताई, तिला माझ्याकडून एक चांगली जाडजूड चौकटीची वही घेऊन द्या. बाड्यावरच्या बाजारात मिळेल.

किल्ल्याखालची

घेतली काका. काल संध्याकाळी बाड्यावरूनच.

तिनं घातांक १९ हाती घेतलाय, ५२४२८७, सतरा पायऱ्या, कॅलक्युलेटर नाही, सुरसागरताईंची, बाहेर गेलेला भाग उजवीकडे आणून मिळवायची रीत. वहीच्या शेवटच्या पानावर आधीच दोन आकडे लिहून ठेवलेत, १०२४ आणि ५२३२६३, शून्याआधी यातला एक यायलाच हवा म्हणून. प्रत्येक ओळीच्या समोर आजींचा ताळा, आणि "−२" लाल पेनानं. आत्ता अकराव्या पायरीवर आहे.